गळती दिसते तिथेच थांबू नकोस

पुणे

चि. सोनू यास,


तू पाठवलेला फोटो पाहिला. जुनी मर्सिडीज एसएल, पुढच्या चाकामागे हिरव्या तेलाचं थारोळं, आणि मालकाचा एकच धोशा: फुटलेला होज बदला आणि संध्याकाळपर्यंत गाडी द्या. होज बदलण्याइतका हात तुझा तयार आहे. तरीही त्या कामाला हात लावण्याआधी हे पत्र शांतपणे वाच.

या गाडीची सस्पेन्शन साधी नाही. मर्सिडीजने १९९९ मध्ये सीएल कूपेत ती पहिल्यांदा आणली. नाव अ‍ॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल, आपल्या बोलण्यात एबीसी. प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगबरोबर एक हायड्रॉलिक सिलिंडर असतो. कॉम्प्युटर त्यात तेल भरतो आणि काढतो. त्यामुळे गाडी वळणावर फारशी कलत नाही आणि ब्रेक मारल्यावर नाक फारसं खाली घालत नाही. हे सगळं चालतं ते इंजिनावर फिरणाऱ्या पंपाच्या जोरावर, २०० बारच्या आसपास दाबाने. टायरमध्ये आपण दोन-अडीच बार हवा भरतो, हे आठव म्हणजे फरक कळेल.

म्हणून पहिली गोष्ट तुझ्या जिवाची. इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपून कधीही शोधू नकोस. बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची चिळकांडी कातडीत घुसते. बाहेर दिसतं सुई टोचल्याएवढं, आत मात्र तेल पसरत जाऊन मांस मारतं. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी थांबायचं नाही, त्याच तासाला सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठायचं आणि 'हायड्रॉलिक तेल दाबाने आत गेलंय' असं स्पष्ट सांगायचं. शोधायला लांब काठीला लावलेला पुठ्ठा वापर, डोळ्यांवर चष्मा हवाच. कुठलाही जोड सैल करण्याआधी डायग्नोस्टिक मशीनने दाब उतरव. दाब गेला की गाडी खाली बसते, हे लक्षात ठेवून भक्कम घोड्या लावल्याशिवाय खाली शिरू नकोस.

आता गळतीकडे. तेल वाऱ्याने मागे उडतं, पत्र्यावरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून ठिबकतं. थेंब पडतो तिथे गळती असतेच असं नाही. आधी सगळं धुऊन कोरडं कर, इंजिन थोडा वेळ चालव, मग टॉर्च घेऊन सगळ्यात वरची ओली जागा शोध. पंपापासून निघणारा दाबाचा होज, होजचं क्रिम्पिंग, व्हॉल्व्ह ब्लॉकच्या ओ-रिंगा, पंपाचं सील, खालचे गंजलेले पाइप: याच ओळीने बघत जा.

पण होज का फुटला? रबर म्हातारं झालं हे अर्धंच उत्तर. पंप तेल सलग ढकलत नाही, ठोक्याठोक्याने ढकलतो. ते ठोके झेलायला अ‍ॅक्युम्युलेटर असतात: आत एक पडदा, एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. वर्षं गेली की नायट्रोजन हळूहळू निसटतो किंवा पडदा फाटतो. मग नळ झटकन बंद केल्यावर जुन्या पाइपात बसतो तसा हादरा तेलाच्या प्रत्येक ठोक्याला बसू लागतो, आणि सगळ्यात कमजोर होज आधी हार मानतो. तो बदलून अ‍ॅक्युम्युलेटर तसेच ठेवलेस, तर पुढचा नंबर दुसऱ्या होजचा. मशीनवर दाबाचा आकडा स्थिर राहतो की नाचतो ते पाहा, स्टिअरिंगला कंप येतो का ते विचार. पंपाजवळचा डॅम्पर आणि पुढचे-मागचे अ‍ॅक्युम्युलेटर तपासल्याशिवाय काम पूर्ण झालं असं म्हणू नकोस.

होजला क्लॅम्प मारणं, पाइपला डाग देणं असले उपाय इथे चालत नाहीत. होज मूळ कंपनीचा घे, किंवा तितक्या दाबाला मान्य असलेला, हायड्रॉलिकवाल्याकडून क्रिम्प करून घेतलेला. जोड सुटला की दोन्ही तोंडं लगेच झाक, कारण धुळीचा कण व्हॉल्व्हमध्ये अडकला तर दुखणं वाढतं. तेल त्याच मानकाचं, हिरवं सीएचएफ ११एस. गिअरचं किंवा ब्रेकचं तेल चुकूनही नको. चुकीच्या तेलाने काय होतं ते सिट्रोएनच्या गाड्यांत बघ. सिट्रोएनने १९५५ मध्ये डीएसमध्ये नायट्रोजनच्या गोळ्यांची सस्पेन्शन आणली. पुढे तिचं तेल बदलून हिरवं खनिज तेल आलं. आजही त्या गाड्यांत नवं-जुनं तेल उलटसुलट पडलं की सगळी सिलं खराब होतात. शेवटी नवा फिल्टर टाकून मशीनवरची 'रोडिओ' प्रक्रिया चालव. गाडी वरखाली होत राहते आणि कोपऱ्यातलं जुनं तेल व हवा बाहेर येते.

मालकाला टॉप-अप करून वाटेला लावू नकोस. तेल संपलं की पंप कोरडा चालतो, घासलेल्या धातूची भुकटी सगळ्या व्हॉल्व्हमध्ये जाते आणि होजच्या कितीतरी पट बिल येतं. लाल अक्षरात गाडी खाली आल्याचा इशारा दिसला तर जागीच थांबायचं, हे त्यांना समजावून सांग. जुना अ‍ॅक्युम्युलेटर आणि फुटलेला होज दोन्ही त्यांच्यासमोर ठेव, खर्चाचे दोन कागद दे, एक नुसत्या होजचा आणि एक पूर्ण कामाचा, आणि पहिल्यावर लिही की गळती पुन्हा होऊ शकते. निवड त्यांची. पण निम्मं काम करून पूर्ण झाल्याची सही तू करायची नाहीस. गडबडीत दिलेल्या गाडीपेक्षा दोन दिवस उशिरा दिलेली भरवशाची गाडी तुझं नाव जास्त टिकवेल.

मशीनवर दाब कसा दिसतो ते कळव. आकडे पाठवलेस तर कोणता अ‍ॅक्युम्युलेटर आधी काढायचा ते फोनवर बोलू.

तुझा,
मामा