मेंदू बक्षिसातून कसा शिकतो?

संध्याकाळी हिंजवडीच्या शिवाजी चौकात उभे राहा. हॉर्न, धूर, वडे तळल्याचा वास आणि खिशात थरथरणारा मोबाईल, सगळं एकाच वेळी येतं. तरी लक्ष जातं वड्याकडे नाहीतर मोबाईलकडे. असं का बरं?

आधी माहिती आत कशी येते ते पाहू. डोळे, कान आणि त्वचा यांचे संदेश चेतातंतूंमधून थॅलॅमस या केंद्रात जातात आणि तिथून मेंदूच्या बाह्य थरात पोहोचतात. वास मात्र थॅलॅमसला न थांबता पुढे जातो. भावना आणि स्मृती यांच्या भागांशी त्याचं जवळचं नातं आहे. म्हणूनच एखाद्या वासाने जुनी आठवण चटकन जागी होते.

पण कोणता संदेश महत्त्वाचा, हे मेंदूला कसं कळतं? आपल्या जवळच, पाषाणच्या आयसर संस्थेत उंदरांवर असे प्रयोग होतात. एका वासानंतर पाणी मिळतं, दुसऱ्यानंतर नाही. पुन्हा पुन्हा अनुभव घेतल्यावर तहानलेला उंदीर दोन्ही वासांतला फरक ओळखायला शिकतो.

यामागे डोपामाइन हे रसायन आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत पाहिलं, की सुरुवातीला फळाचा रस मिळाल्यावर डोपामाइनच्या पेशी जोरात काम करतात. सवय झाली की रसाच्या आधीच्या खुणेलाच त्या जाग्या होतात. खूण दिसूनही रस आला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षा मंदावतं. 1997 मध्ये शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी याचा अर्थ मांडला: अपेक्षा आणि प्रत्यक्ष बक्षीस यांतला फरक या पेशी कळवतात.

आता स्वतःकडे बघा. आई-बाबा कंपनीत, घरी तुम्ही, पुस्तक आणि मोबाईल. मोबाईल वाजला की कधी मस्त निरोप असतो, कधी काहीच नसतं. नेमकं काय येईल ते ठरलेलं नसतं, म्हणून अपेक्षा टिकून राहते. अभ्यासाचं बक्षीस मात्र गुणांच्या रूपात महिन्यांनी येतं. मग स्पर्धेत पुस्तक हरणारच! यात तुमचा आळस कमी आणि बक्षिसाला लागणारा उशीर जास्त आहे.

करून पाहा: मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे खूणच येणार नाही. पाच गणितं सोडवा, उत्तरं लगेच तपासा, चुकलेलं पुन्हा करा. आठवडाभर रोज किती बरोबर आली ते वहीत लिहा आणि वर्गात सांगा.