बुलबार लावण्याआधी

कुंभिवली, ता. खालापूर

चि. बंडू,

थार आली, पेढे पोचले, आनंद झाला. पण बुलबार, टपावर लाइटची पट्टी, ३३ इंची टायर ही तुझी यादी ऐकून मामीने कपाळाला हात लावला, आणि मी लिहायला बसलो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हे सगळं राजरोस मिळतं, म्हणून ते चालतं असं समजू नकोस. दुकानदार बसवून मोकळा होतो, सापडतो मालक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. केरळच्या एका खटल्यात जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे नीट वाच. तुझ्या यादीचे १५,००० झाले.

बुलबारवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७मध्येच कळवलंय. पण दंड राहू दे बाजूला. गाडीचं नाक धडकेत चेपावं अशाच बेताने बनवलेलं असतं. त्यापुढे लोखंडी पाइप थेट चासीला बोल्टने आवळलास की धक्का सरळ चासीत जातो आणि एअरबॅग कधी फुगायची, हे सेन्सरचं गणित बिघडतं. हे झालं आतल्यांचं. इथे सावरोली-खारपाडा रस्त्यावर कंपन्यांची पाळी सुटली की माणसं डांबराच्या कडेकडेने घरी निघतात. त्यांच्या मांडीला प्लास्टिकचा बंपर लागणं वेगळं, पाइप लागणं वेगळं.

टायरचंही तसंच. तुझे २५५/६५ आर १८ म्हणजे साधारण ३१ इंच. ३३चे घातलेस की काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६४ने पळत असेल. एक्स्प्रेस-वेवर घाटातली मर्यादा ६०ची, आणि तिथले कॅमेरे तुझा काटा बघत नाहीत. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासायची शक्यता.

'मी फक्त ऑफ-रोड ट्रॅकवर वापरीन' म्हणशील. ट्रॅकपर्यंत गाडी ट्रकात घालून नेणार आहेस का? आणि 'गुरखा गाडीला स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला वरून हवा घेणारा पाइप, चालतो, मग मला का नाही?' हेही तू विचारणारच, तुला ओळखतो मी. गुरखाचा स्नॉर्कल कंपनीतून बसून येतो, त्यासकट ती गाडी पास झालेली असते. पुण्यात एआरएआय नावाची संस्था आहे ना, टेकडीला जिचं नाव पडलंय, तिथे गाड्यांच्या असल्याच तपासण्या चालतात. गॅरेजवाल्याच्या वेल्डिंगची तपासणी कोण करतो?

हौस मारू नकोस. गाडी ओढायचा मजबूत पट्टा घे, दोन शॅकल घे, फावडं ठेव. यातलं काहीच गाडीला कायमचं बसवायचं नाही, त्यामुळे कलम ५२चा प्रश्नच नाही. चिखलात शिरण्याआधी टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरव. टायर पसरतो, पकड वाढते, आणि अडकलेल्या गाड्यांपैकी निम्म्या तेवढ्यानेच निघतात, असं माझं मत. डांबरावर येण्याआधी मात्र हवा पूर्ववत भर, नाहीतर वळणावर टायर रिमवरून सुटू शकेल. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर लागतो. तो माझ्याकडे पडून आहे, घेऊन जा.

एखादी वस्तू बसवायचीच असेल, तर ती तुझ्या मॉडेलसाठी मंजूर आहे का, हे आधी पनवेलच्या आरटीओत लेखी विचार. तोंडी 'चालतंय हो' नको, अपघातानंतर विमावाला कागदच बघतो.

बुलबारची आगाऊ रक्कम दिली असलीस तर उद्याच परत माग.

तुझा मामा