छोट्या कॅबिनेटला पंखे किती?

प्रश्न : हरसूलला माझे ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान आहे. छोट्या कॅबिनेटचा संगणक दुपारी तापून बंद पडतो. चारही पंखे हवा आत घेणारे लावलेत. आणखी एक लावू का?
– एक वाचक, हरसूल

उत्तर : नको, आहेत तेवढे पुरेत. हवेला बाहेर पडायची वाटच नसेल, तर तीच गरम हवा प्रोसेसरभोवती घुटमळते. समोरचे दोन पंखे तसेच ठेवा. मागचा आणि वरचा उलटा करून बसवा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या पट्ट्या दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते. समोर धूळजाळी लावा, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. साफसफाईआधी वीजजोडणी काढा आणि पाते धरूनच ब्रश फिरवा. एवढे करूनही संगणक बंद पडला, तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या.