सोड्याचे माप चुकले की माल बिघडतो



ईदच्या आधीचे दिवस बेकरीवाल्यांसाठी फार धावपळीचे असतात. दुकानाचा माल असतोच, शिवाय अनेक मोहल्ल्यांत घरी मळलेले नानकटाईचे पीठही भाजण्यासाठी बेकरीत येते. या घाईत सोडा तोलून न घालता अंदाजाने टाकला जातो. मग एखादा घाणा पिवळा पडतो, नानकटाई पसरते, चव साबणासारखी लागते. दोष मैद्याला किंवा भट्टीला दिला जातो. पुष्कळदा दोष सोड्याच्या मापाचा असतो. म्हणून सोडा काम कसा करतो, हे प्रत्येक कारागिराने समजून घेतले पाहिजे.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. हा सौम्य अल्क आहे. दही, ताक, लिंबू, चिंच, व्हिनेगर यांत आम्ल असते. ओलाव्यात अल्क व आम्ल एकत्र आले की फसफसून कार्बन डायऑक्साईड वायू निघतो. गोळी सोड्याच्या बाटलीत दाबून भरलेला असतो तोच हा वायू. तो पिठात अडकतो, उष्णतेने फुगतो आणि माल हलका होतो.

आता हिशेब पाहा. १० ग्रॅम सोड्याला पुरेसे आम्ल मिळाले तर साधारण ३ लिटर वायू निघतो. आम्ल अजिबात नसेल तर सोडा केवळ भट्टीच्या उष्णतेने फुटतो. तेव्हा वायू निम्माच, म्हणजे सुमारे दीड लिटर मिळतो आणि मालात ६ ग्रॅमहून थोडा अधिक सोडियम कार्बोनेट शिल्लक राहतो. सोडियम कार्बोनेट म्हणजेच धुण्याच्या सोड्यातील मूळ पदार्थ! कडवट, साबणासारखी चव येते ती यामुळेच. तेव्हा सोडा दुप्पट घातल्याने माल दुप्पट फुगत नाही. आम्ल संपले की वाढीव सोडा बहुतांशी चवच बिघडवतो. नानकटाईला रंग व खुसखुशीतपणा यावा म्हणून किंचित सोडा जास्त ठेवतात, पण तो किंचितच असावा.

ढोबळ प्रमाण असे धरावे : १ लिटर आंबट दही किंवा ताकाला ८ ते १० ग्रॅम सोडा. लिंबूसत्त्व वापरत असाल तर १० ग्रॅम सोड्याला साडेसात ते सव्वाआठ ग्रॅम. दही कमी आंबट असेल तर सोडाही कमी करावा. सोडा मैद्यात दोनदा चाळून घ्यावा, नाहीतर गुठळीच्या जागी पिवळे डाग पडतात. ओले-सुके एकत्र झाले की फसफस लगेच सुरू होते. म्हणून पीठ फार वेळ ठेवू नये.

बेकिंग पावडर वेगळी. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड यांनी ती १८४३ मध्ये तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट व अंडी सोसत नसत. तिच्यात सोडा, कोरडे आम्ल आणि ओल शोषणारा स्टार्च असतो. म्हणून पिठात दही नसले तरी ती चालते. मात्र पावसाळी हवेत डबा उघडा राहिला तर तिचा जोर डब्यातच संपतो. चमचाभर पावडरीवर गरम पाणी ओतून पाहावे. जोरात फसफसली तर चांगली, नाहीतर टाकून द्यावी.

बिस्किटांसाठी काही कारागीर बेकरीचा अमोनिया वापरतात. त्याचा उग्र वास भाजताना निघून जातो, पण पातळ व कोरड्या मालातूनच. जाड केकमध्ये वास आतच कोंडतो, तेथे तो वापरू नये.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. धुण्याचा सोडा खाण्याच्या मालात कधीही घालू नये. तो कितीतरी तीव्र असतो, तोंड व पोट यांना अपाय करतो. लिंबू पिळून दोन्ही सोड्यांतला फरक कळत नाही, कारण दोन्ही फसफसतात. म्हणून सुटा सोडा न घेता खाद्यपदार्थाचे लेबल व परवाना क्रमांक असलेले बंद पाकीटच घ्यावे आणि धुण्याचा सोडा भट्टीच्या खोलीत ठेवूच नये.

तयार माल तपासायला घरची हळद पुरते. नानकटाईचा चुरा थोड्या पाण्यात कालवून चिमूटभर हळद टाकावी. रंग पिवळाच राहिला तर ठीक. लालसर झाला तर अल्क जास्त उरला आहे. ढोकळ्यावर लाल ठिपके दिसतात त्याचे कारणही हेच.

छोटा तराजू व एक वही एवढाच खर्च आहे. प्रत्येक घाण्याला मैदा किती, दही किती, सोडा किती, हे लिहून ठेवावे. उस्ताद रजेवर गेला तरी मालाची चव बदलणार नाही.

वर कोरडे व आत ओले धान्य ठेवणाऱ्या विक्रेत्याला प्रेषितांनी (स.) बाजारातच टोकले होते, हे आपण जाणतो. बिघडलेला घाणा साखर भुरभुरून खपवणे त्याच जातीचे. असा माल बाजूला काढावा, नुकसान सोसावे आणि पुढच्या घाण्याला सोडा तोलून घालावा. हलाल रोजीत बरकत आहे, आणि गिऱ्हाईक परत येते ते विश्वासावर.