तिची पुरणपोळी साधारणच होती

चि. सोनू,


वर्षश्राद्धाच्या स्मरणिकेसाठी तू लिहिलेला मजकूर तुझ्या बाबांनी मोबाईलवर पाठवला. अक्षर मोठं करून सगळा वाचला. भाषा छान आहे, ओघ आहे, शुद्धलेखनही आमच्या वेळच्या मास्तरांना आवडलं असतं. पण बाळा, शेवटच्या ओळीपर्यंत गेले तरी माझी वहिनी, म्हणजे तुझी आजी, काही मला भेटली नाही. त्यागमूर्ती, मायेचा सागर, घराचा आधारवड, साक्षात अन्नपूर्णा. यातलं काही खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण हे सगळं उचलून गल्लीतल्या कुठल्याही म्हातारीला लावलं तरी चालून जाईल. पेपरातल्या पुण्यस्मरणाच्या चौकटी काढून बघ, फोटो तेवढा बदलतो.

आणि ती पुरणपोळी! पाऊण पान तू पुरणपोळीवर खर्च केलंस. तुझ्या आजीची पुरणपोळी साधारणच होती गं. गोड बेताचं, कडा जाड, आणि होळीला आम्ही सगळे मुकाट्याने तुपात बुडवून खायचो. तिचा हात बसला होता तो ज्वारीच्या भाकरीवर आणि येसराच्या आमटीवर. येसर ती स्वतः भाजायची, दुसऱ्या कुणाला कढईजवळ फिरकू द्यायची नाही आणि प्रमाण विचारलं तर "अंदाजानं" म्हणून वाटेला लावायची. हे लिही. आजी म्हटली की पुरणपोळी आलीच, असं कुणी ठरवून दिलेलं नाही.

तुला वेळ असेल तर एकदा बीबी का मकबऱ्यात जाऊन ये. शाळेच्या सहलीत गेली असशील, पण आता या कामासाठी म्हणून जा. औरंगजेबाची बायको दिलरस बानू बेगम १६५७ साली याच शहरात गेली, अकबर नावाच्या मुलाला जन्म दिल्यानंतर महिनाभरात. मागे पाच मुलं. थोरली झेबुन्निसा दौलताबादची, १६३८ची. आणि हा मकबरा ज्याने बांधवला असं सांगतात तो आझमशहा, आई गेली तेव्हा अवघा चार वर्षांचा. त्याला आईचा चेहरा तरी कितीसा आठवत असेल? प्रवेशद्वारावरच्या लेखात वास्तुकार अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावं आहेत. गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनाम्या'त खर्चाचा आकडा आहे, ६,६८,२०३ रुपये ७ आणे. वरचे सात आणेसुद्धा कुणीतरी टिपून ठेवले! पण ती बाई हसायची कशी, नवऱ्याशी तिचं कशावरून वाजायचं, मुलींना काय शिकवायची, यातलं तिथल्या भिंतींवर काही नाही. लोक वरच्या कठड्यावरून खाली कबरीकडे बघतात, नाणं टाकतात आणि फोटो काढायला बाहेर पडतात. बांधकाम नीट बघ. संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि वर घुमटाला. मधली सगळी उंची आपल्या काळ्या दगडाची, वरून घोटीव गिलावा आणि नक्षी. तुझ्या मजकुराचं तसंच झालंय. सुरुवातीला जन्मगावाची खरी माहिती, शेवटी खरं रडू, आणि मधे सगळा गिलावा.

आता म्हणशील, ती राणी होती, परक्या काळातली, तिचं कोण लिहिणार? मग पैठणला चल. एकनाथांच्या वाड्यात आपण किती वेळा गेलोय. घर लिहिणाऱ्यांचं. पणजोबा भानुदास, स्वतः नाथ, आणि मुलीचा मुलगा मुक्तेश्वर तर केवढा कवी. नाथांची फाल्गुन वद्य षष्ठी सगळ्या मराठवाड्याला पाठ आहे. त्यांच्या पत्नीची, गिरिजाबाईंची, तिथी आपल्या घरात कुणाला सांगता येईल का, विचारून बघ.

त्यांची आठवण उरली ती नाथांच्या गोष्टींमधून. नाथांना राग आणून दाखवलास तर दोनशे रुपये देऊ, असं टवाळांनी एका गरजू ब्राह्मणाला सांगितलं, ती गोष्ट तुला ठाऊक आहे. तो नाथांच्या मांडीवर जाऊन बसला, तरी काही जमेना. मग जेवणाच्या वेळी गिरिजाबाई वाढायला वाकल्या तशी त्याने त्यांच्या पाठीवर उडी मारली. नाथ म्हणाले, सांभाळा, पडतील हो ते. गिरिजाबाई म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन कामं करायची सवय आहे मला, पडू कशी देईन! कीर्तनात ही गोष्ट नाथांची शांती म्हणून सांगतात. मी ऐकते तेव्हा माझं लक्ष त्या वाकलेल्या बाईकडे जातं. हातात भांडं, पाठीवर परका पुरुष, आणि त्या क्षणी एवढं तल्लख उत्तर. शांतीची परीक्षा नाथांची चालली होती, भार मात्र तिच्या पाठीवर होता.

श्राद्धाची गोष्टही तशीच. पितरांसाठी रांधलेल्या अन्नाच्या वासाने अस्पृश्य मानलेली माणसं दाराशी थबकली, आणि नाथांनी ते अन्न त्यांना वाढायला लावलं. गावाने बहिष्काराची भाषा केली, नाथांचं थोरपण त्यात आहेच. पण मग पुन्हा चूल सारवून, पुन्हा सगळा स्वयंपाक कुणी केला? तिने नाही म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच थांबली असती. मुलगा हरिपंडित बापाच्या प्राकृतावर रुसून काशीला निघून गेला, त्या दिवसांत या आईने घरात कुणाची समजूत घातली असेल, कुणाला बोलली असेल? ते मात्र कुणी लिहिलं नाही.

मला सांगायचंय ते एवढंच. तुझ्या आजीने सेवा केली, हे जगाला माहीत आहे. त्या सेवेत तिने ठरवलं काय काय, ते लिही. तुमच्या पिढीला वाटतं, त्या बायकांनी सोसलं, बिचाऱ्या राबल्या. आमच्या पिढीला वाटायचं, देवीच होत्या. दोन्हीकडे त्यांचं डोकं हिशेबात धरलेलं नसतं.

माझ्याकडे आहे ते देते.

वहिनी १९५६ साली लग्न होऊन गुलमंडीच्या घरात आली, अठरा वर्षांची. मी तेरा वर्षांची, घरातली शेंडेफळ. तिची सुरुवातीची शाळा निजामाच्या अमलातली, त्यामुळे उर्दू अक्षरं आणि आकडे तिला येत. दुपारी सगळे लवंडले की ती शेजारणींची झंपरं शिवायची. पैसे माझ्या आईच्या हाती द्यायचे, तशी घराची रीतच होती. शिवणाच्या वहीत नावं बाळबोध लिपीत, रकमा मात्र उर्दू आकड्यांत. आई पोथी वाचायची, म्हणजे बाळबोध तिला येत होतं, उर्दू येत नव्हतं. बाबांना उर्दू यायचं, पण झंपराच्या वहीत डोकवायचं त्यांना कारण काय? दर महिन्याला थोडे पैसे त्या आकड्यांच्या आडोशाला मागे राहायचे. मॅट्रिकनंतर माझं शिक्षण थांबवायचं असं घरात जवळजवळ ठरलं, तेव्हा विद्यापीठ निघून दोन-तीनच वर्षं झाली होती. वहिनीने माझ्या कॉलेजची पहिली फी आईसमोर ठेवली आणि म्हणाली, "वन्संच्या फीचं मी बघते." कुठून आणलेस, असं आईने विचारलं. वहिनी म्हणाली, "शिवणातून." पुढे कुणी काही बोललं नाही. आईला कळलं नसेल असं मला वाटत नाही. सासू-सुनांमध्ये असे समजुतीचे पडदे असतात.

याला त्याग म्हणशील? मला ती चांगली पक्क्या डोक्याची लबाडी वाटते, आणि तिच्यामुळेच मी पुढे एकोणतीस वर्षं शिक्षिका म्हणून पगार घेतला.

१९७२चा दुष्काळ. गावाकडची माणसं घरात राहायला आलेली, रेशनला ती लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापली तरी फुटायची आणि चव विचारूच नकोस. जे थोडे गहू मिळायचे त्यांच्या पोळ्या पुरुषांना, असं सगळ्या गल्लीत चालायचं. वहिनीने पहिल्याच दिवशी तुझ्या आजोबांच्या ताटात मिलोची भाकरी वाढली. दादाने ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि जेवला. पोळ्या झाल्या त्या लहान मुलांच्या आणि बाळंतिणीच्या.

दादाच्या आजारपणाचं तू लिहिलंस ते ठीक आहे. अर्धांगवायू झाल्यावर तिने त्याला नऊ वर्षं सांभाळलं. पण एवढंच लिहिलंस तर अर्धवट होईल. दर गुरुवारी दुपारी दोन तास ती भजनी मंडळाला जायची. दादाचं तोंड वाकडं व्हायचं, मुलगे म्हणायचे आज राहू दे, आणि ही चपला घालून तयार. "दोन तास तुम्ही बघा, काय व्हायचंय ते होऊ द्या." मागे कुणी राहायचं ते पोरांनी आपसांत ठरवायचं. नवऱ्याला ती रागवायचीही चांगली, औषध थुंकलं की मग तर विचारू नकोस. तिचं शेवटचं दवाखान्यातलं चार ओळींत आटोप. ते दोन महिने आपल्याला ताजे आहेत म्हणून मोठे वाटतात.

आणि तुझं स्वतःचं. तू लिहिलंस, आजी मला गोष्टी सांगायची. सांगत असेल. पण तुला पुण्याच्या वसतिगृहात पाठवायचं की नाही यावर दिवाळीत घरात रण माजलं होतं, तेव्हा तू आतल्या खोलीत होतीस. आजी काय बोलली ते तुला कुणी सांगितलंय का? बाबांना विचार. माझ्याकडून ऐकण्यापेक्षा त्यांच्या तोंडून येऊ दे.

विचारण्याचीही एक रीत असते. "आजी कशी होती" असं विचारलंस की सगळे देवघरात बसल्यासारखे बोलायला लागतात. हातात वस्तू घेऊन जा. तिचं शिवणयंत्र, अडकित्ता, ती वही. काकवांना एकत्र बसवू नकोस, एकीसमोर दुसरी खरं बोलत नाही. एकेकीला गाठ, तेही ती भाजी निवडत असताना. पैशाचं जरूर विचार, बाईच्या हातात पैसा कसा यायचा आणि कुठे जायचा यातून पुष्कळ कळतं. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण अजून येत असेल तर तिलाही विचार, तिच्याशी वहिनी तासभर घासाघीस करायची आणि मग चहा पाजायची.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं नसशील तर आधी ते वाच. नवऱ्यावर एवढा जीव असलेली बाई, पण त्यांचा तापटपणा, विक्षिप्तपणा तिने झाकला नाही, आणि स्वतःचं हसंही करून घेतलं. म्हणून रेव्हरंड टिळक आपल्याला आवडतात. १९३६मध्ये त्या गेल्या तेव्हा पुस्तक अपुरं होतं. पुढचा भाग मुलगा देवदत्त यांनी लिहिला आणि नातू अशोक टिळक यांनी टिपांसह साक्षेपी आवृत्ती काढली. नातवंडांनी करायचं काम असं असतं, आणि ते सावकाशीचं असतं. स्मरणिकेची घाई बाबांना असेल. त्यांना म्हणावं, पानं कमी करा, हवं तर दोन महिने उशिरा छापा.

छपाईत तिचा तो पासपोर्टचा फोटो टाकू नका, त्यात ती पोलीस ठाण्यात बसल्यासारखी दिसते. वही मिळाली तर माझ्याकडे आण. उर्दू आकडे मला वाचता येतात, तिनेच शिकवले.

मधल्या काकूकडे सगळ्यांत आधी जा. ती आणि वहिनी सहा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या, एका घरात राहून. कशावरून, ते विचार. ती आधी उडवून लावेल, "जाऊ दे, गेलेल्या माणसाचं काय" म्हणेल. उठू नकोस, चहा माग. छापायचं की नाही ते मग दोघी मिळून ठरवू.

तुझी,
आत्याआजी