रेस देताच गुदमरणारा पॉवर पंप : कार्बोरेटर कसा जुळवावा?

कपाशी ऐन पाते-फुलांच्या अवस्थेत असते, पावसाने जेमतेम दोन दिवसांची उघडीप दिलेली असते आणि नेमका तेव्हाच पाठीवरचा पेट्रोल पंप दगा देतो. मंद गतीवर इंजिन व्यवस्थित चालते, मात्र रेस देताच ते गुदमरते, अडखळते किंवा बंद पडते. भरलेला पंप पाठीवरून उतरवा, दोरी ओढा, पुन्हा उचला, यातच अर्धा दिवस जातो. पंख्याची गती कमी पडल्याने थेंब मोठे पडतात, पानांच्या खालच्या बाजूस औषध पोहोचत नाही आणि दोष मात्र औषधाला दिला जातो.

असे का होते?

मंद गतीवर कार्बोरेटरमधील लहान छिद्रातून थोडेसेच पेट्रोल इंजिनला मिळते. एकदम रेस दिली की हवा लगेच आत शिरते. पेट्रोल हवेपेक्षा जड असल्याने क्षणभर मागे राहते. मोटारीच्या कार्बोरेटरमध्ये ही उणीव भरून काढण्यासाठी वेगळा छोटा पंप असतो. आपल्या दोन स्ट्रोक इंजिनांत तो सहसा नसतो. म्हणून मंद गतीचे मिश्रण किंचित दाट, म्हणजे पेट्रोल जरा जास्त असलेले, ठेवावे लागते. ते पातळ झाले की इंजिन अडखळते.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी

१) टाकीतील औषध काढून टाकी, नळी व पंपाचा बाहेरील भाग धुवून घ्यावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरू नये. औषधाने भरलेला पंप पाठीवर किंवा मांडीवर घेऊन दुरुस्ती करू नये. काम मोकळ्या हवेत करावे. जवळ विडी-काडी नको.

२) हवेची जाळी (एअर फिल्टर) स्वच्छ करून वाळवावी. जाळी तुंबली की मिश्रण आपोआप दाट होते आणि मग स्क्रूची जुळणी चुकते.

३) महिन्यापेक्षा जुने मिश्रित पेट्रोल वापरू नये. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढून घेते, शिवाय त्यामुळे मिश्रणही थोडे पातळ होते. ऑईलचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. १:४० प्रमाण असल्यास एक लिटर पेट्रोलला २५ मि.ली. टू-टी ऑईल लागते.

४) पेट्रोलची गाळणी, नळी आणि कार्बोरेटरचे बोल्ट तपासावेत. सैल जोडातून किंवा फाटलेल्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल तर कितीही जुळणी केली तरी टिकत नाही.

दोष ओळखावा

इंजिन गरम झाल्यावर चोक किंचित बंद करून रेस द्यावी. इंजिन सुधारले तर मिश्रण पातळ आहे असे समजावे. याउलट धूर जास्त निघत असेल, इंजिन आळसावल्यासारखे रेस घेत असेल आणि बराच वेळ मंद चालवल्यावरच अडखळत असेल, तर मिश्रण दाट आहे. प्लगचा रंगही पाहावा. विटकरी-तपकिरी रंग योग्य, पांढुरका म्हणजे पातळ, काळा व तेलकट म्हणजे दाट मिश्रण.

जुळणीची पद्धत

अनेक डायफ्राम कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात : एल (मंद गतीचे मिश्रण), एच (जास्त गतीचे मिश्रण) आणि टी (मंद गती).

१) एल स्क्रूची सध्याची जागा लिहून ठेवावी. तो हलक्या हाताने पूर्ण आत बसवावा. जोर दिल्यास टोक खराब होते. नंतर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे, साधारणपणे एक ते सव्वा आटा, बाहेर सोडावा.

२) इंजिन तीन ते पाच मिनिटे चालवून गरम करावे.

३) एल स्क्रू सावकाश आत-बाहेर करून ज्या जागी मंद गती सर्वांत जास्त होते ती जागा शोधावी. तेथून स्क्रू आट्याचा आठवा ते चौथा भाग बाहेर सोडावा.

४) टी स्क्रूने मंद गती योग्य करावी.

५) आता एकदम रेस द्यावी. तरीही अडखळल्यास एल स्क्रू आणखी आठवा भाग सोडावा. धूर काढून हळू उचलत असल्यास तेवढाच आत घ्यावा. प्रत्येक बदलानंतर थोडे थांबून पुन्हा तपासावे.

जुन्या फ्लोट पद्धतीच्या काही कार्बोरेटरमध्ये हवेच्या जाळीकडील बाजूस स्क्रू असतो. तो हवेचा स्क्रू असल्याने तेथे उलटे घडते : बाहेर सोडला की मिश्रण पातळ होते. जुळणीचा स्क्रूच नसलेल्या कार्बोरेटरमध्ये छिद्रांची सफाई हाच उपाय.

एच स्क्रूपासून सावध

रेस घेताना अडखळते म्हणून एच स्क्रू पिळू नये. तो जास्त आत गेल्यास पूर्ण गतीत पेट्रोल कमी पडते, पेट्रोलबरोबर येणारे ऑईलही कमी होते आणि पिस्टन जाम होतो. आठव्या भागाच्या आट्याचे काम मग पिस्टन-सिलिंडर बदलण्यावर जाते.

शेतात वापरताना

प्रथम रेस द्यावी, पंखा पूर्ण गतीत आल्यावरच औषधाची तोटी उघडावी. थांबताना आधी तोटी बंद करावी, मग रेस कमी करावी. नवी जुळणी केल्यावर पहिली चाचणी साध्या पाण्याने घ्यावी. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचून चिकट थर धरणार नाही. ही सर्व तपासणी पहिल्या फवारणीच्या आठ दिवस आधीच करावी. कीड आपल्या दुरुस्तीसाठी थांबत नाही.