ताकद तीच, मग नवे काय?

नवे यंत्र बाजारात आले, की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : जुन्यापेक्षा याची ताकद किती जास्त? मोटारसायकल असो नाहीतर विहिरीवरचा पंप, प्रश्न तोच. परंतु काही यंत्रे अशी असतात, की त्यांची ताकद वाढवायला नियमांनीच मनाई असते. तरीही त्यांचा नवा नमुना जुन्यापेक्षा सरस ठरतो. पेंटबॉल या खेळातील 'मार्कर' हे असेच एक यंत्र आहे. हा खेळ तुमच्यापैकी फार थोड्यांनी खेळला असेल. लोणावळ्याकडे सहलीला गेलेल्या काहींनी तो पाहिला असेल. पण मारुंजी, हिंजवडी, भोसरी, चाकण या भागात राहणाऱ्या मुलांना हे यंत्र समजायला मुळीच अवघड नाही. त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग या पट्ट्यातल्या कोणत्या ना कोणत्या कारखान्यात रोज राबत असतो.

आधी नावाचा उलगडा करू. याला बंदूक न म्हणता मार्कर, म्हणजे खूण करणारा, का म्हणतात? कारण त्याचा जन्मच खुणा करण्यासाठी झाला. जंगलात तोडायची झाडे आणि कळपातली विशिष्ट गुरे लांबूनच रंगवून ठेवता यावीत, म्हणून अमेरिकेतील नेल्सन या रंग-कंपनीने असे पिस्तूल विकायला सुरुवात केली. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळ बारा जणांनी तेच पिस्तूल घेऊन रानात पहिला खेळ मांडला. गंमत अशी, की त्या दिवशी जिंकलेल्या रिची व्हाइट या गड्याने एकही गोळी झाडली नव्हती! तो जंगलात वावरणारा माणूस. कोणाला न दिसता सगळी निशाणे गोळा करून तो परत आला.

आता गोळी पाहू. तिचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७.३ मिलिमीटर, आणि वस्तुमान साधारण ३ ग्रॅम असते. वरचे कवच जिलेटिनचे, आत पाण्याने धुऊन निघणारा रंग. माशाच्या तेलाची किंवा 'ई' जीवनसत्त्वाची मऊ कॅप्सूल तुम्ही पाहिली असेल. ही गोळी म्हणजे तिचीच मोठी बहीण. ती बनते त्याच तऱ्हेच्या यंत्रावर. घरात अशी एखादी कॅप्सूल असेल, तर पावसाळ्यात ती दोन दिवस उघड्या बशीत ठेवून पाहा. हवेतला दमटपणा शोषून ती चिकट आणि लिबलिबीत होते. पेंटबॉलचेही तसेच होते : मुळशीच्या पावसात फुगायचे आणि कोरड्या हवेत ठिसूळ व्हायचे. नळीत शिरण्याआधीच फुटायला तयार असलेली ही वस्तू आहे, एवढे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे ९१ मीटरपेक्षा, जास्त असू नये असा खेळातला सर्वमान्य नियम आहे. खेळण्यापूर्वी वेगमापकाने तो तपासतात. आपण ९० मीटर धरू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.००३ × ९० × ९० ÷ २ = सुमारे १२ ज्यूल. एक किलोचे वजन सव्वा मीटर उंचीवरून पडल्यावर जेवढी ऊर्जा होते, तेवढी ही झाली. अंगाला लागली तर वळ उठतो, फार तर निळे पडते. डोळ्याला लागली तर मात्र डोळा जाऊ शकतो. या खेळातील डोळ्यांच्या दुखापतींच्या वैद्यकीय नोंदी वाचल्या, तर पुन्हा पुन्हा एकच गोष्ट आढळते : मुखवटा घातलेला नव्हता, किंवा घाम आला म्हणून क्षणभर काढला होता. मार्कर जुना असो की नवा, हे बारा ज्यूल बदलत नाहीत.

मग बदलते काय? त्यासाठी आणखी एक गणित करा. नववीच्या पुस्तकाबाहेरचे त्यात काही नाही. समजा, नळीतल्या ३० सेंटिमीटर अंतरात गोळीचा वेग शून्यापासून ९० मीटरपर्यंत जातो. v² = २as या सूत्रावरून त्वरण येते ८१०० ÷ ०.६ = १३,५०० मीटर प्रति सेकंद वर्ग. त्याला ०.००३ किलोग्रॅमने गुणले, की सरासरी बल मिळते : सुमारे ४० न्यूटन. गोळीच्या छेदाचे क्षेत्रफळ २.३५ चौरस सेंटिमीटर. बलाला क्षेत्रफळाने भागा. दाब आला जेमतेम १.७ बार! बाहेरच्या हवेपेक्षा फक्त एवढाच जास्तीचा सरासरी दाब गोळीला पुरतो. आणि हे सारे घडते सेकंदाच्या सुमारे सात सहस्रांश भागात.

या दोन आकड्यांच्या शेजारी जुन्या मार्करचा आकडा ठेवा. जुने यांत्रिक मार्कर कार्बन डायऑक्साइडवर चालत. बाटलीत हा वायू द्रवरूपात असतो आणि २० अंश सेल्सियसला त्याच्या वाफेचा दाब सुमारे ५७ बार असतो. अनेक मार्करांत तो तसाच्या तसा आत सोडला जाई. गरज १.७ ची आणि पुरवठा ५७ चा! बरे, हा दाब तरी स्थिर असावा? तोही नाही. १० अंशांच्या थंड सकाळी तो ४५ बार भरतो, ३० अंशांना ७२ बार. ३१ अंशांच्या वर तर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही. ते त्याचे क्रांतिक तापमान. मे महिन्यात दुपारी मारुंजीच्या माळावर पारा त्याच्या कितीतरी वर असतो, म्हणजे बाटलीतला दाब मग ती किती भरली आहे यावर ठरणार. शिवाय भराभर गोळ्या झाडल्या, की द्रवाचे बाष्प होताना बाटली गार पडते आणि दाब उतरतो. सकाळी नीट लावलेला वेग दुपारी मर्यादा ओलांडतो, तो यामुळे. पुढे साध्या दाबलेल्या हवेची टाकी आली. तिच्यात २०० ते ३०० बार दाबाची हवा असते, पण तोंडाशी दाब-नियंत्रक बसवलेला असतो. बाहेर येणारा दाब ठरावीक राहतो. हवेचा द्रव होण्याची भानगड इथे नाहीच.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात शॉकर, एंजल अशी इलेक्ट्रॉनिक मार्करची पहिली नावे पुढे आली. 'इलेक्ट्रॉनिक' म्हटल्यावर गोळी विजेने उडते असे समजू नका. उडते ती हवेनेच. वीज फक्त झडप उघडते. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह सोडला, की ते चुंबक बनते आणि आतली लोखंडी कांडी ओढली जाते. पुस्तकात याला नालकुंतल म्हणतात, भोसरीच्या कारखान्यात सॉलेनॉइड. बसचे दार 'फुस्स' करून उघडते तिथेही हवेची झडप हलवायला बहुधा हाच गडी असतो.

पण ही झडप उघडून हवेला पाठवायचे कोठे? इथे दोन घराणी झाली. पहिल्या घराण्यात हवा एका छोट्या दट्ट्याला पुढे ढकलते. दट्ट्या हातोड्यासारखा मुख्य झडपेवर आदळतो आणि ती क्षणभर उघडते. हिला पॉपेट झडप म्हणतात. दुसऱ्या घराण्यात आदळआपट नाही. खाचा आणि रबरी कड्या असलेली एक पोकळ नळी मागेपुढे सरकते आणि सरकता सरकता हवेची भोके उघडते किंवा झाकते. ही स्पूल झडप. एक दार धडक देऊन उघडायचे, दुसरे रुळावरून सरकवायचे, एवढाच फरक. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या प्लॅनेट एक्लिप्स कंपनीचा २००५ च्या सुमाराचा 'इगो' हा पहिल्या जातीचा. त्याच कंपनीने नंतर काढलेला 'जिओ' दुसऱ्या जातीचा.

धक्क्याचे गणित इथे मजेदार आहे. गोळीचा संवेग ०.००३ × ९० = ०.२७. समजा हातोडा ८० ग्रॅमचा आहे आणि तो सेकंदाला ४ मीटर वेगाने आदळतो. त्याचा संवेग ०.३२, म्हणजे गोळीपेक्षाही जास्त! हाताला बसणारा हिसका गोळीचा कमी आणि यंत्राच्या स्वतःच्या धडपडीचाच जास्त असू शकतो. नव्या मार्करांत सरकता भाग हलका केला, दाब १० बारच्या आसपास आणला, हवेचे मार्ग रुंद केले. १० बार म्हणजे बसच्या एअर ब्रेकपेक्षा फार जास्त नव्हे. (१.७ पर्यंत का उतरत नाहीत? कारण हवा अरुंद वाटेने काही सहस्रांश सेकंदांत पोचायला हवी, आणि नळीत पसरताना तिचा दाब पडत जातो.) नवे म्हणून सगळेच चांगले, असे मात्र नाही. सुरुवातीची स्पूल यंत्रे हवा जास्त खात. जुन्या पॉपेटची काटकसर गाठायला त्यांना बरीच वर्षे लागली. अजूनही काही खेळाडू पॉपेटच पसंत करतात, आणि मला तरी त्यात काही वावगे वाटत नाही.

चाप ओढण्याच्या जागी बटण आले, त्यातून एक नवेच दुखणे उद्भवले. बटणातल्या दोन पत्र्या एकमेकींवर टेकतात तेव्हा एकदाच टेकत नाहीत. फरशीवर पडलेल्या गोटीसारख्या काही सहस्रांश सेकंद उड्या मारतात. आपल्याला कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक मंडल इतके चलाख, की प्रत्येक उडी ते वेगळा हुकूम समजते. एकदा बोट दाबले आणि तीन गोळ्या सुटल्या! नव्या मंडलांत पहिल्या स्पर्शानंतर थोडा वेळ कानावर हात ठेवण्याची सूचना लिहिलेली असते. काही नमुन्यांत पत्र्याच नाहीत. बोटाने प्रकाशाचा किरण अडवायचा. मोठ्या स्पर्धांत तर सेकंदाला सुमारे १० गोळ्या अशी मर्यादाच घातली. यंत्राला त्याहून जास्त येते, पण येते म्हणून करायचे नाही.

आता त्या फुटायला टपलेल्या गोळीकडे वळू. गोळ्या वरच्या डब्यातून एकीवर एक खाली येतात. एका गोळीची जागा दुसरीने घ्यायची, तर तिला १७.३ मिलिमीटर पडावे लागते. t = √(२h/g) करून पाहा : ०.०५९ सेकंद. समजा मार्कर सेकंदाला १५ गोळ्या मारतो आहे. एका फेरीला मिळाले ०.०६७ सेकंद. म्हणजे दट्ट्याला जाऊन येण्यासाठी उरले फक्त आठ सहस्रांश! गोळी जरा अडखळली, की दट्ट्या तिला अर्ध्यातच गाठतो आणि कैचीत सापडल्यासारखी कापतो. नळीभर रंग. जुन्या यंत्रांची ही नित्याची तक्रार होती. पुढे डब्यात गोळ्या ढकलणारी मोटर बसली. पण खरा उपाय झाला तो 'डोळा'. गोळी बसते त्या जागेच्या एका बाजूला अवरक्त किरण सोडणारा दिवा, समोर तो किरण टिपणारा ग्राहक. गोळी पूर्ण खाली येऊन किरण अडला, तरच सॉलेनॉइडला वीज मिळते. नाहीतर तुम्ही बटण कितीही दाबा, यंत्र थांबून राहते. माझ्या मते जुन्या-नव्यातला सर्वांत मोठा फरक हा आहे. त्याने ताकद रतीभर वाढवली नाही. फक्त 'आत्ता नको' म्हणण्याची सोय केली.

हाच डोळा चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात एका अधिक गंभीर जागी बसतो. मोटारींचे भाग ठोकणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये पत्रा सरकवताना कामगाराचा हात साच्यात जातो, आणि प्रेस खाली आली तर बोटे जातात. या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत अशी तुटलेली बोटे ही ऐकीव गोष्ट नव्हे. त्यावर उपाय म्हणून साच्यासमोर अवरक्त किरणांची रांगच लावतात. तिला प्रकाशपडदा म्हणतात. एक जरी किरण हाताने अडला, तरी प्रेस थांबते. मार्करमध्ये किरण अडला तर 'चालू', इथे अडला तर 'बंद', युक्ती एकच.

पण पडदा कितीही तत्पर असला, तरी लोखंड एका क्षणात थांबत नाही. हात सेकंदाला १.६ मीटर वेगाने पुढे जातो, असे सुरक्षेच्या हिशेबात धरतात. प्रेस थांबायला पाव सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात हात ०.४ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून पडदा साच्यापासून किमान ४० सेंटिमीटर दूर हवा. जवळ लावला, तर तो नुसता शोभेचा. आणि ज्या जुन्या प्रेसचा क्लच एकदा पकडला, की पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटतच नाही, तिला मध्येच थांबवणार कसे? सुटलेल्या हातोड्याच्या मार्करसारखीच तिची गत. अशा प्रेसला पडदा लावून काही उपयोग नाही. तिच्या साच्याभोवती पत्रा जाईल पण बोट जाणार नाही, अशी जाळीच लागते.